मालवणहून मस्कत, व्हाया मुंबई

मालवणच्या माणसाला ‘विमानतळ कुठला?’ असा प्रश्न पंधरा वर्षांपूर्वी कुणी विचारला नसता. परदेशी जायचे म्हणजे मुंबईत सहारच्या विमानतळावर जायचे, एवढेच ठाऊक होते. रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस धरायची, पहाटे ठाण्याला किंवा दादरला उतरायचे, नात्यातल्या कुणाच्या तरी खोलीवर आंघोळ-जेवण उरकायचे आणि रात्री बॅगा, पोचवायला आलेली माणसे, सगळ्यांनी मिळून टॅक्सीने सहार गाठायचे. मस्कत असो, दुबई असो की कुवेत, रस्ता एकच होता आणि तो सगळ्या वाडीला पाठ होता.

आता तसे राहिलेले नाही. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी वेंगुर्ले तालुक्यातल्या चिपी-परुळ्याच्या पठारावर सिंधुदुर्गाचा स्वतःचा विमानतळ सुरू झाला. देवबाग-तारकर्लीच्या लोकांना तर तो कर्ली खाडीच्या पलीकडे, जवळजवळ शेजारातच. धावपट्टी अडीच किलोमीटरची. पहिल्या दिवशी मुंबईहून अलायन्स एअरचे एटीआर विमान उतरले, तेव्हा आता मालवण जगाला जोडले गेले असे अनेकांना वाटले. पण ही सेवा ‘उडान’ योजनेतली होती. या योजनेत नव्या मार्गावरचा तोटा भरून काढायला विमान कंपनीला सरकारी मदत मिळते, ती तीन वर्षांपुरती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती मुदत भरली आणि अलायन्स एअरने चिपी सोडले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘फ्लाय९१’ या गोव्यातल्या कंपनीने चिपीला बंगळूर, हैदराबाद आणि पुण्याशी जोडले. छोट्या विमानतळांवरच्या सेवा अशाच सुरू होतात, बंद पडतात, मार्ग बदलतात. गेल्या मे महिन्यात भाचा अमुक विमानाने आला होता, एवढ्या आधारावर यंदाचा बेत आखला तर फसगत होऊ शकते.

शिवाय सिंधुदुर्गाच्या वेशीवर मोपा आहे. गोव्याच्या पेडणे तालुक्यातला हा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून वाहता झाला आणि बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग इथल्या लोकांना तो चिपीपेक्षाही सोयीचा पडू लागला. जून २०२४ मध्ये कतार एअरवेजनेही गोव्यातला जुना दाबोळी विमानतळ सोडून मोपा धरले, म्हणजे दोह्यामार्गे जगात कुठेही जायला सावंतवाडीकराला मुंबई गाठण्याची सक्ती उरली नाही. मात्र दाबोळी बंद झालेला नाही. तिकिटावर नुसते ‘गोवा’ दिसते, पण ‘जीओआय’ म्हणजे वास्कोजवळचे दाबोळी आणि ‘जीओएक्स’ म्हणजे मोपा. दोन्हींमध्ये साठेक किलोमीटर आणि मांडवी, झुवारीसारख्या नद्या आहेत. उतरायला एक आणि पुढे उडायला दुसरा असे तिकीट स्वस्त म्हणून पुढ्यात येते, तेव्हा हे साठ किलोमीटर त्या किमतीत कुणी धरलेले नसतात.

विमानतळ वाढले, तसे प्रवासातले सांधेही वाढले. विमान हवेत असताना प्रवाशाचे सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते मधे: एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जाताना, एका तिकिटावरून दुसऱ्यावर उडी मारताना, इमिग्रेशनच्या रांगेत, अनोळखी विमानतळावर काढलेल्या आठ तासांत. त्या जागी मदत उपलब्ध असते आणि बरीचशी फुकट असते. फक्त ती आधी मागावी लागते.

मागूनही ती अपुरी पडली की काय होते, हे १२ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत दिसले. न्यूयॉर्कहून एअर इंडियाच्या विमानाने एक वयस्कर जोडपे उतरले. दोघांसाठीही व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलेली होती. हाती एकच आली. पत्नी खुर्चीत बसली आणि ऐंशी वर्षांचे गृहस्थ तिच्यामागून चालत निघाले. इमिग्रेशनच्या जागी पोचता पोचता ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. दुसरी खुर्ची येईपर्यंत थांबायला सांगितले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीला ३० लाख रुपये दंड केला आणि सगळ्याच कंपन्यांना पुरेशा व्हीलचेअर ठेवण्याची ताकीद दिली.

सहारच्या टर्मिनल दोनवर विमानाच्या दारापासून इमिग्रेशनपर्यंतची चाल तरुणालाही जाणवते. पंधरा-सोळा तास बसून सुजलेल्या पायांनी ती चालायची, हे ऐंशीच्या घरातल्या माणसाचे काम नव्हे. म्हणून दुसरी खुर्ची आल्याशिवाय जागचे हलायचे नाही, हे घरच्यांनी वडीलधाऱ्यांना दहादा बजावून सांगावे. उशीर झाला तर होऊ दे. बाहेर वाट बघणारा मुलगा कुठे पळून जात नाही.

नियम असा आहे. अपंग किंवा चालण्या-फिरण्यात अडचण असलेल्या प्रवाशाला विमानतळाच्या दारापासून विमानातल्या आसनापर्यंत आणि उतरल्यावर पुन्हा दारापर्यंत नेणे ही विमान कंपनीची जबाबदारी. त्याचे पैसे घेता येत नाहीत. मागणी तिकीट काढताना नोंदवावी, निदान उड्डाणाच्या ४८ तास आधी. नोंदवताना नुसते ‘व्हीलचेअर हवी’ म्हणून भागत नाही, कारण कंपन्यांच्या संगणकात तिचे तीन प्रकार असतात. ‘डब्ल्यूसीएचआर’ म्हणजे जिना चढता येतो, लांब चालवत नाही. ‘डब्ल्यूसीएचएस’ म्हणजे जिनाही चढवत नाही. ‘डब्ल्यूसीएचसी’ म्हणजे आसनापर्यंत उचलूनच न्यावे लागते. गुडघे गेलेल्या आईसाठी पहिला प्रकार नोंदवला आणि एखाद्या छोट्या विमानतळावर विमान जिन्याचे निघाले, की आई खाली आणि दार वर अशी स्थिती होते. एटीआर विमानांना एअरोब्रिज लागत नाही, त्यात जिन्यानेच चढायचे असते. चिपीवरून जाणाऱ्या गुडघेदुखीच्या प्रवाशाने दुसरा प्रकार मागावा.

व्हीलचेअरवर बसायला आपल्याकडची माणसे लाजतात. ‘माका चलाक येता, खुर्ची कित्याक व्हयी?’ हे उत्तर मालवणी घरात ठरलेले. शेतात आणि होडीवर उभी हयात काढलेल्या बाईला खुर्चीत बसून ढकलत नेले जाणे अपमानाचे वाटते, हे समजण्यासारखे आहे. याची दुसरी बाजूही आहे. धडधाकट माणसेही रांग चुकवायला खुर्ची मागतात. भारत आणि अमेरिका-ब्रिटन यांच्यामधल्या उड्डाणांवर तीस टक्क्यांहून अधिक प्रवासी व्हीलचेअर मागू शकतात आणि एकेका विमानाला शंभराच्या वर मागण्या येतात, असे एअर इंडियाने मार्च २०२५ मध्ये सांगितले होते. त्यातले काही खरोखर लबाड असतील. पण पुष्कळांना चालता येते, फक्त वाचता-बोलता येत नाही. गेट कुठले, रांग कुठली, अधिकारी काय विचारतो, हे न कळणाऱ्या माणसाला खुर्चीपेक्षा सोबत हवी असते. सोबत मागायची पद्धत माहीत नसते, म्हणून मुले खुर्ची मागून मोकळी होतात.

सोबतीची वेगळी सोय असते. विमान कंपन्यांच्या भाषेत तिला ‘मीट अँड असिस्ट’ म्हणतात. वयस्कर, पहिल्यांदाच एकटा प्रवास करणारा किंवा भाषा न येणारा प्रवासी अशी नोंद तिकिटावर करता येते, आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या मधल्या विमानतळावर माणूस पाठवून त्याला पुढच्या गेटवर पोचवतात. प्रत्येक कंपनी हे करतेच असे नाही, म्हणून तिकीट काढण्याआधी विचारावे. पैसे मोजायची तयारी असेल तर खुद्द विमानतळांच्या सेवा आहेत. मुंबईत ‘प्रणाम’, दुबईत ‘मरहबा’, दोह्यात ‘अल महा’. नावाची पाटी घेऊन माणूस उभा असतो, सामान उचलायला हात देतो, फॉर्म भरून देतो, गेटपर्यंत नेतो. सुरक्षा तपासणीतून मात्र कुणीही सूट मिळवून देत नाही, तशी थाप कुणी मारली तर समजून जावे. एकट्या जाणाऱ्या लहान मुलांसाठी कंपन्यांची वेगळी सेवा असते आणि तिची कागदपत्रे आधी भरावी लागतात.

ज्यांचे दुखणे दिसत नाही त्यांचे काय? कमी ऐकू येणारे, विसरभोळेपणाचा आजार सुरू झालेले, स्वमग्न मुले यांच्यासाठी लंडनच्या गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलांची चित्रे असलेली हिरवी गळपट्टी सुरू झाली. ती गळ्यात असली की कर्मचारी न विचारता थोडा वेळ देतात, हळू बोलतात. आता जगभरच्या अनेक विमानतळांवर ती चालते, भारतात बंगळूरलाही. आणि अपंग प्रवाशाला कंपनीने आपल्या मर्जीने विमानात चढण्यापासून रोखायचे नाही, हा नियम २०२२ मध्ये आणखी पक्का झाला. त्या वर्षी मे महिन्यात रांची विमानतळावर एका अपंग मुलाला इंडिगोने विमानात घेतले नव्हते. कंपनीला ५ लाखांचा दंड झाला आणि नियमात बदल झाला. प्रवाशाची तब्येत उड्डाणात बिघडेल असे वाटत असेल तर आधी विमानतळावरच्या डॉक्टरचे मत घ्यायचे, असे आता कंपनीवर बंधन आहे.

खुर्चीत बसल्यावरही चार गोष्टी स्वतःकडे ठेवाव्यात: पासपोर्ट, बोर्डिंग पास, औषधे आणि पाण्याची बाटली. ढकलणारा कर्मचारी मधल्या एखाद्या कक्षात बसवून ‘आलोच’ म्हणून जातो आणि तासभर येत नाही, हे जगभर घडते. अशा वेळी काउंटरवरच्या माणसाला गेटची वेळ दाखवून आठवण करून द्यायची. सेवा फुकट आहे. खुशीने कुणी काही दिले तर तो त्याचा प्रश्न, पण हात पुढे झाला म्हणून दिलेच पाहिजे असे नाही.

आता तिकिटाकडे वळू, कारण प्रवासाचे निम्मे नशीब तिथे ठरते. मोपाहून मुंबई आणि मुंबईहून मस्कत ही दोन उड्डाणे एका पीएनआरवर असतील, तर पहिल्याला उशीर होऊन दुसरे चुकले तरी पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची राहते. बॅगही थेट मस्कतला जाते. तीच दोन उड्डाणे वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून स्वस्तात स्वतंत्र काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी प्रवासी वेळेत आला नाही, एवढेच सत्य असते. तिकीट बुडते. मधला वेळ दोन तास आहे की पाच, यापेक्षा पीएनआर एक आहे की दोन, हा प्रश्न आधी विचारायला हवा. पीएनआर दोनच असतील, तर परदेशी उड्डाणाच्या आदल्या दिवशी त्या शहरात पोचणे हा एकच शहाणपणाचा मार्ग. मुंबईत खोली आहे, बहीण आहे, गाववाले आहेत. कोकणी माणसाला त्याची ददात नाही.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात हा फरक देशभर दिसला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते, इंडिगोचे नियोजन कोलमडले आणि ५ डिसेंबर या एका दिवशी तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग साचले. लग्ने, परीक्षा, नोकरीवर रुजू व्हायच्या तारखा हुकल्या. देशांतर्गत टप्पा इंडिगोचा आणि परदेशी टप्पा भलत्याच कंपनीचा अशी दोन तिकिटे काढलेल्यांना पहिल्या तिकिटाचे पैसे परत मिळायची सोय तरी होती, दुसऱ्याला वाली नव्हता.

उशिराच्या वेळी प्रवाशाला काय मिळायला हवे, हेही डीजीसीएने लिहून ठेवले आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला, तर खाणे-पिणे कंपनीने द्यायचे. देशांतर्गत विमानाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यातले प्रवासी निवडेल ते. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेतल्या विमानाला सहा तासांहून जास्त, किंवा कुठल्याही विमानाला चोवीस तासांहून जास्त उशीर झाला, तर हॉटेल. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. शांतपणे, नियमाचे नाव घेऊन मागितले की बहुधा मिळते. आरडाओरडा करणाऱ्याला मिळतेच असे नाही, फक्त त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो.

परत येताना अनेक जण बॅगेपाशी गोंधळतात. दुबई-मुंबई-गोवा असे एकच तिकीट असले, तरी भारतात पहिल्यांदा जिथे पाय ठेवला तिथेच, म्हणजे मुंबईतच, इमिग्रेशन आणि कस्टम उरकावे लागते. पट्ट्यावरून बॅग उचलायची, कस्टममधून बाहेर काढायची आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करायची. बॅगेवर ‘गोवा’ अशी चिठ्ठी बघून ती आपोआप येईल असे समजून कुणी पुढे गेला, तर बॅग मुंबईत राहते. अमेरिकेतही पहिल्या विमानतळावर हाच प्रकार. आणि वजन! आखाती विमानात तीस किलो चालतात, देशांतर्गत तिकिटावर साधारण पंधरा. वेगळे तिकीट असेल तर वरच्या पंधरा किलोंचे पैसे काउंटरवर मोजावे लागतात, आणि मग विमानाचे स्वस्त तिकीट कोकणकन्येच्या एसी डब्यापेक्षा बरेच महाग पडते. सामान घेऊन आगगाडीनेच जाणारे चाकरमानी हिशेबाला कच्चे नाहीत.

मुंबईतही नुसते ‘मुंबई’ म्हणून भागत नाही. टर्मिनल एक विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला, टर्मिनल दोन सहारला. आंतरराष्ट्रीय उड्डाणे दोनवरून. देशांतर्गत दोन्हींवरून, आणि इंडिगोसारख्या एकाच कंपनीची विमानेही दोन्हींवरून सुटत आली आहेत. एकातून दुसऱ्यात आतल्या आत चालत जाता येत नाही, रस्त्यानेच जावे लागते, आणि तो रस्ता मुंबईतला आहे. त्यात आता उलव्याचा नवी मुंबई विमानतळ आला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन, २५ डिसेंबरपासून उड्डाणे. सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. कोकणच्या लोकांना या विमानतळाचे महत्त्व मुंबईकरांपेक्षा जास्त आहे, कारण तो पनवेलजवळ आहे आणि कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. आखातातली विमाने तिथे नियमित उतरू लागली, तर कुडाळ-कणकवलीहून निघालेल्याला मुंबईच्या पोटात शिरावेच लागणार नाही. तोपर्यंत नवी मुंबईत उतरून सहारहून उडायचे तिकीट निघाले, तर मधे अर्धा दिवस तरी ठेवायला हवा.

सहारचा आणखी एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही एकदमच दुरुस्तीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवल्या जातात. २०२४ मध्ये पावसाळ्याआधीचा तो दिवस ९ मे होता, २०२५ मध्ये ८ मे. तारीख महिनोन्‌महिने आधी जाहीर होते.

मुंबईपर्यंतचा टप्पा आगगाडीचा असेल, तर पावसाळा हिशेबात धरावाच लागतो. कोकण रेल्वे जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी होतो, वेळा बदलतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आले आणि त्या दोन दिवसांत कित्येक गाड्या रद्द झाल्या किंवा दुसरीकडून वळवल्या गेल्या. त्या गाड्यांमधल्या कुणाचे दुसऱ्या दिवशी दोह्याचे विमान असेल, तर त्याला विमान कंपनी जबाबदार नाही आणि रेल्वेही नाही. २७ जून २०२३ पासून धावणारी वंदे भारत दुपारी कणकवलीत बसवून रात्री पनवेल-ठाण्याला सोडते, त्यामुळे पहाटेच्या विमानासाठी ती सोयीची दिसते. उन्हाळ्यात ठीक आहे. पावसाळ्यात आणि गणपतीच्या परतीच्या आठवड्यात त्याच दिवशीची गाडी आणि त्याच रात्रीचे विमान अशी जोडी कुणी लावू नये.

दुबई किंवा दोह्यात काढायच्या तासांचे थोडे. दुबईला एमिरेट्सची विमाने टर्मिनल तीनवर असतात, फ्लायदुबईची बरीचशी दोनवर. एका तिकिटावर दोन्ही कंपन्या असल्या तर आतल्या बसने नेतात, पण त्या बसचा वेळ मोजावा लागतो. दोह्यात मधोमध दिव्याखाली बसलेले एक प्रचंड पिवळे अस्वल आहे, सात मीटर उंच. चुकामूक झाली तर तिथे भेटायचे, हे आधीच ठरवून ठेवता येते. अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून बोलणे होत नाही, तिथल्या नियमांनी ते बंद आहे. मेसेज आणि आवाजाची रेकॉर्डिंग मात्र जाते. आईचा फोन लागत नाही म्हणून इकडे गावात सगळे घाबरतात आणि ती तिकडे गेटवर निवांत बसलेली असते. तिला व्हॉइस मेसेज पाठवायला आधी शिकवावे. उलट भारतात उतरणाऱ्या परदेशी नंबरवाल्यांना विमानतळाचे फुकट वायफाय ओटीपीअभावी मिळेलच असे नाही, त्यांनी माहिती काउंटरवर विचारावे. मधला थांबा फार लांबचा असेल, तर काही कंपन्या आपल्या अटींवर हॉटेल आणि जेवण देतात. तेही आधी मागितले तरच.

इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या हातात एक जाड कागद द्यावा. एका बाजूला मराठीत विमानाचे क्रमांक, वेळा, मुलांचे फोन. दुसऱ्या बाजूला तेच इंग्रजीत, आणि वर ठळक अक्षरांत ‘मला इंग्रजी येत नाही, कृपया मला या गेटवर पोचवा’ या अर्थाचे वाक्य. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

मधल्या देशाचा व्हिसा हा लपलेला खड्डा. दुबई-दोह्यात विमानतळाबाहेर पडायचे नसेल, तर भारतीयांना काही लागत नाही. लंडनमार्गे जाताना मात्र नुसते विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमेरिकेसारख्या काही देशांचा वैध व्हिसा जवळ असेल तर सवलत मिळते. कॅनडामार्गे जातानाही ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव, आडनावाचा रकाना कोरा, अशा प्रवाशांना भेटीच्या व्हिसावर येऊ देणे बंद केले आहे. आपल्याकडे लग्नानंतर बदललेली नावे, पासपोर्टवर एक आणि तिकिटावर दुसरे, हा प्रकार चेक-इनच्या काउंटरवरच माणसाला परत पाठवतो. दहावी पास नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला स्थलांतराची सरकारी परवानगी लागते. ती ई-मायग्रेट प्रणालीतून मिळते, एजंटच्या तोंडी शब्दाने नव्हे.

आणि शेवटी बॅगेतले सामान, ज्यावर मालवणी माणसाचा खरा जीव. मालवणी मसाला हातातल्या बॅगेत ठेवू नये, तिखटाची पूड सुरक्षा तपासणीत काढून घेतात. चेक-इनमध्ये ठेवला तरी एक पाहावे: त्यात खसखस आहे का? अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखशीला बंदी आहे. घरचा मसाला बहुधा खसखशीशिवाय होत नाही, तेव्हा दुबईच्या लेकासाठी तो वेगळा कुटावा. सुके खोबरे तेलकट आणि पेट घेणारे, म्हणून विमान वाहतुकीत धोकादायक मालात धरले जाते. कोकमाचे आगळ चेक-इनमध्ये, घट्ट बूच लावून, दोन पिशव्यांत. हातातल्या बॅगेत द्रव पदार्थाला परदेशी उड्डाणात शंभर मिलिलिटरची मर्यादा आहे. अमेरिकेला हापूसची पेटी हाती घेऊन जाता येत नाही. भारतीय आंब्याला तिथे २००७ मध्ये दार उघडले ते विकिरण प्रक्रिया करून पाठवलेल्या मालाला, प्रवाशाच्या पिशवीला नव्हे. ऑस्ट्रेलियाला सुकी मासळी नेणाऱ्याने फॉर्मवर ती जाहीर करावी. लपवली तर दंड, जाहीर केली तर फार तर ती काढून घेतील. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच. आणि गोळ्या-औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीसकट मूळ पाकिटात. झोपेची, दुखण्याची काही औषधे आखाती देशांत नियंत्रित असतात.

बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर विमानतळ सोडण्याआधी कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची एकवीस दिवसांत करावी लागते. कंपनी दाद देत नसेल, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे ‘एअरसेवा’ हे संकेतस्थळ आणि अॅप आहे.

हे सगळे मालवणच्या आजीने पाठ करावे अशी अपेक्षा नाही. तिचे तिकीट बहुतेक वेळा कुडाळ, कणकवली किंवा सावंतवाडीतला एजंट काढतो, नाहीतर दुबईतला मुलगा मोबाईलवरून. त्या दोघांनी पैसे भरण्याआधी प्रवाशाचे वय, गुडघे आणि भाषा विचारावी, पीएनआर एकच ठेवावा, व्हीलचेअर किंवा सोबतीची नोंद तिथल्या तिथे करावी आणि ती छापील तिकिटावर उमटली आहे की नाही ते पाहावे. नसेल, तर उड्डाणाच्या ४८ तास आधी कंपनीला पुन्हा फोन लावावा.